मामाजींची वाटाडेगिरी

वांग्याचं कसं असतं, आज सगळी तोडली तरी दोन दिवसांनी झाड पुन्हा लगडलेलं. आमच्या मामाजींच्या किश्श्यांचंही तसंच. एक सांगून होत नाही, तर दुसरा तयार!

मामाजी म्हणजे माझे सासरे. अंजनगावच्या अलीकडे आमचा भाजीचा मळा आहे. दुपारी जेवणं झाली की टीव्हीवर एक जुनी इंग्रजी सिरियल लागते, हिंदीत बोलणारी. घोडे, बंदुका, छपराच्या गाड्यांचा लांबच लांब काफिला आणि पुढे वाट शोधायला एक नवशिक्या. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना कोरड्या नदीवर नेऊन उभं केलं!

मी म्हटलं, "याले कोणं कामावर ठेवलं?"

"नवीन हाये बिचारा," मामाजी म्हणाले. "शिकीन."

सासूबाई शेंगा सोलता सोलता बोलल्या, "तीस वर्षं माह्या भाजीले नावं ठेवली. मले नाई म्हटलं कधी, नवीन हाये, शिकीन!"

*

तो नवशिक्या जमिनीला कान लावून घोडे किती लांब आहेत ते ओळखतो. झालं! फाट्यावर आम्ही एसटीची वाट पाहत होतो, तर मामाजी चक्क डांबरी रस्त्यावर आडवे.

"झटका आला! कांदा आणा!" लोक धावले. एकानं नाकाला कांदा लावला, दुसऱ्यानं चप्पल.

मामाजी ओरडले, "अबे, मी ऐकून राहिलो!"

एक म्हातारी म्हणाली, "ऐकू येऊन राहिलं? मंग धोका नाई."

या गोंधळात एसटी मागून आली आणि निघूनही गेली. ती मात्र कोणीच ऐकली नाही.

*

एकदा मळ्यातली फुलकोबी चोरीला गेली. आदल्या दिवशी पाऊस झालेला. आमच्या काळ्या मातीत पावसात चाललं की चपलेला इतका चिखल चिकटतो, की ठसा उमटतो परातीएवढा! मामाजी वाकून पाहत म्हणाले, "गडी साडेसहा फूट हाये."

काठी घेऊन निघाले मागावर. ठसे बांधावरून, विहिरीवरून थेट आमच्याच ओसरीत! तिथं पाच फुटांच्याही नसलेल्या सासूबाई काडीनं चपलेचा चिखल खरवडत बसलेल्या.

"कोबी माह्या बहिणीले धाडली. काहून, तुमाले इचारा लागते काय?"

मामाजींनी काठी कोपऱ्यात ठेवली. "गडी डेंजर हाये, हे मी बरोबर ओळखलं."

*

इथपर्यंत मीही हसत होते. पण या महिन्यात सकाळची भाजीतोड माझ्याकडे आली, आणि माझ्या पिहूला अंगणवाडीत न्यायचं काम मामाजींकडे! पिहू साडेतीन वर्षांची. वाटेत नाला, मोकाट कुत्री. आणि नेणारा माणूस कोणाचा चेला? ज्यानं अख्खा काफिला भलतीकडे नेला, त्याचा! मला रात्रभर झोप नाही.

सासूबाई म्हणाल्या, "माह्ये चारही लेकरं त्यायनंच शायेत नेली."

"तवा टीव्ही नव्हता!" मी म्हटलं.

पहिल्या दिवशी दोघं निघाले. वांग्याची टोपली तशीच टाकून मी मागून. तुरीच्या आडून, बाभळीच्या आडून, वाकून वाकून. मामाजींनी नेहमीची वाट सोडली आणि डावीकडे वळले. पिहूला खांद्यावर घेऊन नाला ओलांडला. थोडं पुढं जाऊन परत ओलांडला. माझी साडी काट्यात फाटली, चप्पल चिखलात रुतली, आणि वर पाहते तर दोघंही गायब!

रडत रडत, एका चपलेनं अंगणवाडीपर्यंत धावले. खिडकीतून पाहिलं. पिहू पहिल्या ओळीत बसून मजेत उसळ खात होती. मुकाट्यानं परत आले.

दुपारी मामाजी छाती फुगवून सांगत होते, "आज आमच्या मागावर कोणीतरी लागलं होतं. पण मी अन् पिहूनं असं फिरवलं नाल्यातून, पत्ता लागू देला नाई!"

"कोण होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"काय मालूम," मामाजी म्हणाले. "पण साडी सूनबाईसारखीच होती. चांगल्या घरची वाटली!"