गमछा बांधलेला मोह

सिंदेवाहीत चहावाल्याने विचारलं, "काय पाहाले आले भाऊ? वाघ?"

"बेडूक," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि चहात जास्तीची साखर घातली.

दुपारी गडचिरोलीच्या वाटेवर एका नाल्याकाठी उतरलो. मार्च संपत आला होता. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. एका मोहाच्या बुंध्याशी मात्र ओल टिकून होती. तिथल्या एका सुक्या पानाने डोळे मिटले, तेव्हा कळलं, हाच तो! पाल्यासारखाच तपकिरी, डोळ्यामागे काळसर पट्टी, बोटांच्या टोकांना गोल चकत्या. जरा सरकला तशा मांडीवरच्या पिवळ्या टिकल्या दिसल्या. उद्या झाड ओळखू यावं म्हणून मी खालच्या फांदीला माझा लाल गमछा बांधला. मग एकच फोटो निघाला आणि कॅमेऱ्याच्या बॅटरीने राम म्हटला. तरी स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

सकाळी परतलो आणि जागीच थिजलो. झाडाखाली नुसती काळी राख, अजून धुमसणारी. शेजारी टोपली घेऊन एक म्हातारी उभी होती. तिच्या हातात माझा गमछा.

"हा तुहा हाय? माह्या मोहाले काऊन बांधला?"

तिचं नाव सोनाबाई. त्या गावात मोहाचं एकेक झाड एकेका घराचं असतं आणि फांदीला कापड बांधणं म्हणजे झाडावर हक्क सांगणं. पडलेली मोहफुलं दिसावीत म्हणून खालचा पाला जाळतात. झाड कुणी बळकावलं, आता फुलंही नेईल या धास्तीने तिने आज उजाडताच घाईघाईने आग लावली होती.

"बाई, इथे एक बेडूक होता हो." मी राखेकडे बोट दाखवलं.

तिने टोपली खाली ठेवली. "दरसाली पाला काठीनं झोडपून मंग आग लावतो आमी. जीवजंतू पयून (पळून) जाते. आज तुह्या गमछापायी झोडपाचं राह्यलं, भाऊ."

आम्ही दोघांनी राख उपसली. बोटं पोळली तरी ती थांबेना. काहीच सापडलं नाही.

"नाल्याकडं गेला असंल," ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

घरी परतल्यापासून सगळे जण फोटो मागतात. दाखवताना मला लाज वाटते. पाल्यात पाला झालेला बेडूक कुणालाच चटकन सापडत नाही. वरच्या कोपऱ्यात लोंबणारा लाल गमछा मात्र सगळ्यांना आधी दिसतो.