मोशेचा डोंगर आणि माझी पाठ

मंडळी, पाठीला तेल चोळत लिहितो आहे.

शेजारच्या रोझामावशींचा मुलगा बोटीवर. तीन महिने पत्र नाही. आज त्यांनी हट्टच धरला, प्रार्थना करायची ती टेकडीवरच्या क्रुसापाशीच.

"घरातून देवाला ऐकू येत नाही?" मी वैतागलो.

"देव डोंगरारच भेटता, मास्तरानू. बायबलातलो मोशे ऐंशी वर्षांचो होतो, तरी चढलो!"

आमचेही देव उंचावरच बसतात, म्हणून मीही सोबतीला चपला घातल्या. मावशी काठी टेकत चढल्या, मेणबत्ती लावून पोटभर रडल्या. उतरताना मात्र गुडघे आखडले. शेवटी मीच त्यांना पाठीवर घेतलं.

कानाशी आवाज आला, "मोशे देवाच्या धा आज्ञांचे दोन दगडी पाटये घेवन उतरलो, पण कुरकुरलो नाय!"

मंडळी, त्या पाट्या वाटभर बोलत नव्हत्या, हे मावशींना कोण सांगणार?