आप्पा फोनवर बोलत होते

चहा उकळतोय तोवर एक कबुली देऊन टाकतो. तशीही ती आमच्या नातेवाइकांत फिरतेच आहे. तिखटमीठ लागून तुमच्यापर्यंत येण्याआधी थेट उत्पादकाकडून घेतलेली बरी!

माझं हडपसरला नळ-पाइपांचं दुकान. शिक्षण नववी, तीही दोनदा. बाकी सगळं बघून बघून शिकलो. काउंटरवरचा कॉम्प्युटरसुद्धा. त्यामुळे माझा एक ठाम समज झाला होता, की जगातली कुठलीही वस्तू शेवटी नळच असते. एका बाजूने काहीतरी येतं, दुसऱ्या बाजूने जातं. येत नसेल तर कारणं तीनच. जोड सैल, आत कचरा, नाहीतर कॉक बंद. या तीन कारणांवर माझा अख्खा संसार उभा राहिला. सांगा, यात चुकीचं काय आहे?

आहे. ऐका.

माझी थोरली बहीण, अक्का, येरवड्याला असते. तिची पंचाहत्तरी जवळ आली. म्हटलं, "अक्का, काय हवं ते माग." मला वाटलं, साडी मागेल. तिने कपाटातून एक जुना कॅमेरा काढला आणि त्याच्याबरोबर एक कॅसेट. कॅमेरा आमच्या दाजींचा. दाजी गेले, कॅमेरा राहिला. कॅसेटवर दाजींच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'बाळूचे दुकान, उद्घाटन'.

"यात आप्पा आहेत," अक्का म्हणाली. आप्पा म्हणजे आमचे वडील. "फोटो आहेत रे घरात. पण आवाज विसरायला लागलेय मी. परवा आठवायला बसले, तर आठवेचना. तेवढा ऐकव."

आता हे लक्षात घ्या, की हलते-बोलते आप्पा उभ्या जगात त्या एकाच कॅसेटवर होते. दुसरीकडे कुठेही नाहीत.

"एवढंच? तुझ्या वाढदिवसाला आप्पा टीव्हीवर बोलतील!"

"विश्रांतवाडीला कुणी वानखेडे म्हणून आहेत, ते असल्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेऊन देतात म्हणे. त्यांना विचार आधी."

"विचारायचं काय त्यात? दोन वायरी तर जोडायच्यात!"

हे माझं वाक्य. जपून ठेवा, पुढे लागेल.

बाजारातून एक बोटाएवढी डबी आणली. एक तोंड कॉम्प्युटरला, दुसऱ्या बाजूला तीन वायरी. पिवळी, पांढरी, लाल. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी काउंटरवरचा कॉम्प्युटर घरी आणला आणि बनियनवर बसलो. कॅमेरा डाव्या हाताला, कॅटलॉगांच्या गठ्ठ्यावर. पिवळ्यात पिवळी, पांढऱ्यात पांढरी. आमच्या धंद्यापेक्षा सोपं! तिथे निदान अर्धा इंच, पाऊण इंच बघावं लागतं.

कॅमेऱ्यावर एक फिरतं बटण होतं. त्यावरची अक्षरं दाजींच्या अंगठ्याने केव्हाच पुसलेली. मध्ये बंद, डावीकडे काहीतरी, उजवीकडे काहीतरी. मी उजवीकडे फिरवलं. का? आमच्याकडे सगळं उजवीकडेच आवळतात!

पडदा काळा.

जोड सैल? पाहिले, घट्ट होते. आत कचरा? फुंकर मारली. तरी काळाच. शिवाय कॅमेरा टीं-टीं करतोय आणि कॅसेटचं चित्र लुकलुकतंय. म्हणजे दोष कॅसेटमध्ये! बाहेर काढून बघतो तर काय, कडेला नखाएवढी एक पट्टी, सरकणारी, आणि तिच्याखाली लाल रंग.

सापडलं! कॉक बंद!

सरकवला. कॅसेट आत घातली. टीं-टीं गप्प. बघा, म्हटलं ना, जग म्हणजे नळ!

पण पडदा अजून काळाच. तेवढ्यात आमची ही पोळ्या करता करता स्वयंपाकघराच्या दारातून डोकावली. "अहो, त्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावरचं झाकण तरी काढा."

काढलं. आणि पडद्यावर आप्पा आले!

खरं सांगतो, अंगावर काटा आला. चित्र फिकट, पिवळट, पण आप्पाच. बाजूने दिसणारे. तेच टक्कल, तोच पुढे आलेला खांदा, कानातले तेच केस. पांढरं बनियन. मी आधी लाल बटण दाबलं, कारण लाल म्हणजे रेकॉर्ड, हे कुणालाही कळतं. मग हात जोडले आणि वाकलो.

क्षणभराने आप्पांनीही हात जोडले आणि वाकले!

"अहो, आप्पांनी नमस्कार घेतला!" मी ओरडलो आणि अक्काला फोन लावला.

"अक्का, आप्पा आले!"

"अगं बाई! काय करतायत रे?"

"बसलेत. बनियनवर."

"उद्घाटनाला बनियनवर?"

"उकडत असेल गं."

"बोलतायत का?"

"ओठ हलतायत. आवाज नाही येत. पांढरी वायर बघतो नंतर."

"कुणाशी बोलतायत?"

"फोनवर आहेत."

"बाळू, कोणत्या फोनवर?"

"मोबाइल आहे."

"आप्पांकडे मोबाइल कुठे होता?"

"दाजींचा घेतला असेल!"

"यांनी मोबाइल घेतला तेव्हा आप्पा जाऊन चार वर्षं झाली होती."

माझ्या जागी तुम्ही असतात तर इथे थांबला असतात. मी नाही थांबलो. म्हटलं, अक्काचं वय झालं, घोटाळा होत असेल. दहा मिनिटं मी तिला आप्पांचं वर्णन सांगत होतो. आप्पा कान खाजवतायत, आप्पा वायर ओढतायत, आप्पा खूप आनंदात दिसतायत. अक्का पलीकडे मुसमुसत होती. तेवढ्यात आप्पांच्या मागे एक बाई येऊन उभी राहिली.

"ही कोण गं?" मी पडद्यावरची नजर न काढता हिला विचारलं.

ही शांतपणे म्हणाली, "तिच्या हातात काय आहे?"

"लाटणं."

"आणि माझ्या?"

मी मागे वळलो. पडद्यावरचे आप्पाही मागे वळले.

"काय झालं रे?" फोनमधून अक्का.

"अक्का, लाइट गेली!" मी फोन ठेवला. डोक्यावर पंखा गरगरत होता.

मी हसणारच होतो. पण ही हसली नाही. ती कॅमेऱ्याकडे बघत होती. "हे रेकॉर्ड कशात होतंय?"

"कॉम्प्युटरमध्ये."

"मग लाल दिवा कॅमेऱ्यावर का लागलाय?"

मी सरळ प्लग उपटला. आमच्या घरची शिस्त, कॅसेट बघून झाली की गुंडाळून सुरुवातीला आणून ठेवायची. म्हणजे सुरुवातीपासून पुढची अकरा मिनिटं आता आप्पांच्या जागी मी होतो. ती पट्टी दाजींनी मुद्दाम सरकवून ठेवली होती, कुणी पुसू नये म्हणून. आणि मी माझ्या हाताने कॉक उघडला होता.

कॅसेट खिशात, खिशावर हात, आणि रिक्षा थेट विश्रांतवाडीला. कॅमेरा आणि वायरींची पिशवी हिने स्वतःच्या मांडीवर धरली, माझ्या हाती दिली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

वानखेडे मूळचे अकोल्याकडचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. माणूस कमी बोलणारा. मी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. त्यांनी आधी ती पट्टी सरकवून लाल केली, मग चष्मा नाकावर सरकवला.

"झाकण काढल्यावर चित्र आलं?"

"हो."

"कॅसेट बघायला झाकण कशाला काढावं लागतं, असं नाही वाटलं?"

"नाही."

"बरं." त्यांनी कॅमेऱ्याचं बटण डावीकडे, म्हणजे शूटिंगवरून कॅसेट बघायच्या बाजूला, फिरवलं. माझीच डबी, माझ्याच वायरी त्यांच्या कॉम्प्युटरला लावल्या. अर्ध्या मिनिटात चित्र. "डबी चांगली आहे," ते म्हणाले. "वायरी चांगल्या आहेत. कॅमेराही उत्तम आहे." आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पुसलेलं परत येतं का हो?"

"नाही."

अकरा मिनिटं मी मला बघितलं. तुम्ही कधी स्वतःला स्वतःच्या पाया पडताना पाहिलंय? मी पाहिलंय. वानखेडे एकदाही हसले नाहीत, त्याचे मी आजही उपकार मानतो. मग चित्र थरथरलं, मुंग्या आल्या, आणि मुंग्यांतून एक काळ्याभोर केसांचा तरुण दुकानदार माइक धरून उभा राहिला. म्हणाला, "...आणि म्हणून मी आपणा सर्वांचा अत्यंत आभारी आहे." टाळ्या.

ही एकदम उठून उभी राहिली. "अहो! तुमचं भाषण! भाषण होतं तिथे!"

आठवलं! उद्घाटनाला मी जवळजवळ पाऊण तास घेतल्यासारखं सगळ्यांना वाटलेलं एक भाषण केलं होतं. घड्याळात ते फारतर बारा मिनिटांचं असेल. त्यातले आभार तेवढे उरले. कामाचं तेवढंच होतं म्हणा.

पडद्यावर त्या तरुणाने माइक शेजारी दिला. आणि तो हातात घेतला, फेटा बांधलेल्या आप्पांनी. खऱ्या आप्पांनी.

"थांबवा," मी म्हटलं. "स्पीकरचा आवाज बंद करून घ्या सगळं. आधी अक्काने ऐकायचा."

वानखेड्यांनी मान हलवली आणि आवाज बंद केला. कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन होईपर्यंत त्यांच्या मोरीतला नळ टपटपत होता. मी म्हटलं, "साहेब, हात लावू का?" ते म्हणाले, "विचारलंत, छान केलंत." निघताना मी हळूच म्हटलं, "ती सुरुवातीची अकरा मिनिटं कापून टाकता आली तर..." ही मध्येच म्हणाली, "कापू नका. त्यांच्या बहिणीला आवडेल."

तर अक्काचा वाढदिवस. टीव्हीसमोर अक्का, मागे सगळं गणगोत. आधी माझी अकरा मिनिटं झाली. "ही का तुझी लाइट गेली!" म्हणून अक्का हसून हसून खुर्चीतून घसरायची बाकी होती. लोकांनी नमस्कार तीनदा मागे नेऊन बघितला. मग मुंग्या, मग माझे आभार, मग टाळ्या. आणि आप्पा.

आप्पांनी माइककडे संशयाने बघितलं, खाकरले आणि बोलले, "पोरगं कष्टाळू आहे. वाईट नाही. फक्त न विचारता कशातही हात घालतं. तेवढं सांभाळून घ्या."

संपलं. तेवढंच भाषण. ओळीने बघितलं तर वाटावं, आधीची अकरा मिनिटं बघूनच बोलले!

अक्काने डोळ्याला पदर लावला. मग माझा हात धरून म्हणाली, "हाच रे. हाच आवाज. मी आवाज विसरत होते बाळू, पण तू तर सांगितलेलंच विसरलास!"

दाजींची ती पट्टी, हिचं लाटणं, वानखेड्यांची नजर... किती जणांनी मला सांभाळून घेतलं, माझ्याच भाषणासकट! मला राहवेना. उठलो, टीव्हीपुढे गेलो, हात जोडून वाकणार, एवढ्यात मागून हिचा आवाज आला.

"अहो, थांबा. आधी नीट बघून घ्या, कोण आहे ते!"