बासष्ट किलोचा माणूस

माझे मिस्टर फौजेत आहेत आणि माझा थोरला भाऊ सांगलीच्या गूळ बाजारात तोलार. मिस्टर सुट्टीवर आले की गावाकडं निघायच्या आधी त्यांना गुळाच्या ढेपांच्या काट्यावर उभं करायचं, आकडा गाळ्याच्या दाराआड खडूनं लिहायचा आणि दोन महिन्यांनी परत जाताना पुन्हा चढवायचं, ही भावाची थट्टा. मी मात्र ती मनावर घेतली. माणूस वर्षातले दहा महिने लांब राहणार, तर निदान माझ्या हातचं चार किलो अंगावर घेऊन जावा, एवढीच हौस होती.

लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत बासष्ट भरले. मग तूप, डिंकाचे लाडू, दूध-अंडी, रविवारी मटण. पंधरा दिवसांनी बाजारात गेलो तेव्हा पासष्ट. माझे पाय जमिनीवर ठरेनात. पण पुढं गाडं अडलं. तिसऱ्या भाकरीला ते ताटावर हात आडवा धरू लागले.

"आवं, अर्धी तरी घ्या."

"भूकच न्हाई गं."

जेवून बसले की पाय हलायचा. घटकाभरात उठून गोठ्याचा पत्रा ठोकायला जायचे. थंडीतही अंगात नुसता बनियन, म्हणे उकडतंय. आणि संध्याकाळी मला घेऊन उसाच्या बांधावरनं नदीपर्यंत चालायचे. हा माणूस बसला की मुका, चालायला लागला की बोलतो. बर्फातली चौकी, आईची आठवण, मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं, सगळं मी त्या बांधावर ऐकलं.

जाताना काटा साडेबासष्टवर थांबला.

"दाजी, आमच्या बहिणीनं उपाशी ठिवलं व्हय?" भाऊ म्हणाला. सगळे हसले, मला रडू आलं. एवढं राबून अर्धा किलो.

गावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "जादा खाल्लं की शरीर गप्प बसत नाही. चरबी वाढली की ती मेंदूला सांगावा धाडते, भूक मंदावते. जादाचं थोडं उष्णता होऊन जातं, थोडं उठण्या-बसण्यात, हलण्या-फिरण्यात. सगळ्यांचं सारखं नसतं. कुणाच्या अंगाला लगेच लागतं, कुणाचं शरीर फिरून जुन्याच वजनावर येतं. तुमचे हे त्यातले." एवढं नीट सांगितलं बाईंनी, पण मी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. माणसाला हलू द्यायचं नाही, की झालं.

पुढच्या सुट्टीत हातोडी पेटीत कुलूपबंद केली. गोठ्याचं काम सासऱ्यांकडं. संध्याकाळी ह्यांनी बांधाचं नाव काढलं की मी लाडवांची वाटी पुढं करायची. फौजी माणूस, हुकूम पाळायची सवय. सोफ्यावर बसून टीव्ही बघत मुकाट खायचे आणि मी दिवसभर चुलीपुढं. जाताना सहासष्ट भरले. भावानं आकड्याभोवती गोल काढला. माझी मान ताठ.

त्यांना निरोप देऊन मी परतीच्या एसटीत खिडकीशी बसले आणि नेहमीसारखी त्यांची बोलणी आठवायला लागले. पुढचे दहा महिने मला तीच पुरवायची असतात. तर आठवेना काही. "मीठ बरोबर हाय." "रिमोट कुठाय?" "बास." दोन महिन्यांचं एवढंच. गाव येईपर्यंत मी डोकं खाजवत होते.

ते चार किलो पुढं डोंगर चढताना धाप लावून, कवायत घेणाऱ्या उस्तादाच्या शिव्या खात गेले. तीन-चार महिन्यांत पुन्हा बासष्ट. हे त्यांनी फोनवर हसत सांगितलं. शरीरानं आपलं वजन बरोबर शोधलं. माझ्या त्या साठ संध्याकाळी मात्र कुणी परत आणून देणार नाही, आणि त्या मीच लाडवांत घालवल्या. अजून जीव हळहळतो.

यंदाची सुट्टी या महिन्यात होती. परवा संध्याकाळी फोन आला, पुढं ढकलली. किती, ते त्यांनाही ठाऊक नाही. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"डिंक आणला असशील," ते म्हणाले.

"न्हाई आणला. चालायच्या चपला घेतल्या, मला."

बसून बोलत होते, हे मला आवाजावरनं कळतं. मग म्हणाले, "थांब, जरा भाईर निघतो." दार वाजलं आणि खडीवर बुटांचा आवाज सुरू झाला. मी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि फोन कानाला लावून बांधावर निघाले. कोपऱ्यावरच्या विहिरीपर्यंत पोचले, तेव्हा ते बोलायला लागले.