अडसर काढण्याचा मान

पेशवाई बुडाली त्या साली गोऱ्यांनी आमच्या गावावरच्या किल्ल्याला वेढा घातला, आणि आतून कुणीतरी दरवाजाचा अडसर काढला. काढणारा आमच्या घरातला. गाव ते विसरलं नाही. दर शिमग्याला पडक्या दरवाजात फळ्यांचं दार बसवून तोच हल्ला खेळतात. गावकरांच्या घरचा माणूस गोऱ्यांचा कप्तान होतो. अडसर आमच्या घरच्यानेच काढायचा. किल्ला पडल्याशिवाय देवीची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसत नाही.

सातवीत गुरुजींनी त्या वेढ्याचा विषय काढला. गावकरांचा मुलगा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "गुरुजी, दार ह्यांनीच उघडलं. आपापली दप्तरं सांभाळा!" वर्ग हसला. गुरुजीही हसले. मी घरी आलो तो परत गेलोच नाही. मिरकरवाड्याच्या बंदरात मासळीसाठी बर्फ फोडायला लागलो. प्रत्येक लादीत मला त्या गावकरांच्या मुलाचंच तोंड दिसायचं.

वडिलांनी एकदाच सांगितलं होतं. वेढ्यात गडावरचं टाकं आटलं, माणसं चिखल पिळून पिऊ लागली, तेव्हा किल्लेदारानेच दार उघडायचा हुकूम दिला. आपला माणूस नुसता पहारेकरी. आणि किल्लेदार गावकरांचा पूर्वज. हे त्यांच्या घरातही ठाऊक होतं, पण बोलायचं कुणी?

पुढे वडिलांचे गुडघे गेले नि अडसर माझ्याकडे आला. त्या वर्षी कप्तान तोच होता, माझ्या वर्गातला गावकरांचा मुलगा. तोंडाला तांदळाचं पीठ, अंगात लाल कोट, वर भर दुपारचं ऊन. दारावर तीन थापा पडल्या. मी अडसराला पाठ लावून उभा.

"उघड रे."

"हुकूम कुणाचा?"

"मेल्या, पालखी खोळंबलीय! नाटकं करू नको."

"नाटकच चाललंय. हुकूम कुणाचा?"

बाहेर एक म्हातारी ओरडली, "अगो, आज किल्ला काय पडत नाय!" लोक हसले. फटीतून मी बघत होतो. पीठ ओघळून त्याच्या कॉलरवर आलं होतं. शेवटी तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं."

तेवढ्यात ढोलवाल्या मामांनी वाजत्या ढोलावर दोन्ही पंजे टेकवले. कुणी सांगितलं नव्हतं. आता त्याचा शब्द सगळ्यांना ऐकू जाणार होता.

"किल्लेदाराचा! आमच्या किल्लेदाराचा!"

मी अडसर काढला. आत येताच त्याने मला कानफटात मारली. मला ती लागलीच नाही.

पुढच्या वर्षीपासून अडसर आमच्या घराकडून गेला, दार दोरीने ओढतात. वडील म्हणाले, "वाईट होता, पण आपला मान होता रे." ते मात्र लागलं.

आता मी मस्कतला कपड्यांना इस्त्री करतो. झोपण्याआधी खोलीची कडी तीनदा तपासतो. मामा दर शिमग्याला व्हिडिओ पाठवतात. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. कप्तान अजून तोच आहे, पोट सुटलंय. तीन थापा मारतो आणि दार हलायच्या आधी क्षणभर फटीला डोळा लावतो. आत कुणी नसतं. तेवढंच मी मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघतो.