तुम्ही सांगाल त्याच्या नावे

रिकाम्या प्लॉटवर पाऊल टाकण्याआधी चपला काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मे महिन्यातली अमरावतीची दुपार, भेगाळलेली काळी जमीन, कडेला बाभळीचे काटे. आणि चिठ्ठीमामा रस्त्याकडेला चपलांची जोडी नीट ठेवून अनवाणी आत शिरायचे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसू आले.

"हसून काहून राहिला बे?" ते म्हणाले. "कोणाचं तरी घर हाय हे. बांधाचं राह्यलं, इतकंच."

जन्मभर जागांचे व्यवहार केलेल्या या माणसाच्या नावावर हातभर जमीन नव्हती. ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहत आणि इसारचिठ्ठीवर जगत, म्हणून लोकांनी त्यांना चिठ्ठीमामा केले. विकायला निघालेली जागा हेरायची, मालकाला शंभर-एक रुपये इसार देऊन तीन महिन्यांच्या मुदतीची चिठ्ठी लिहून घ्यायची आणि त्या मुदतीत थोडी जास्त किंमत देणारे गिऱ्हाईक शोधायचे, असा तो धंदा होता. खरेदीखत थेट गिऱ्हाइकाच्या नावे होई आणि वरची रक्कम मामांची. "जागा आपली नाही, पैसा आपला नाही," ते सांगत, "आपले फक्त तीन महिने." गिऱ्हाईक मिळाले नाही तर इसार बुडे. तोही मामांचा बराच बुडाला.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. जिनिंग फॅक्टरीतली कारकुनी सुटली होती, लग्न होऊन वर्ष झाले होते आणि सासरे गावातच होते. मामांनी मला ठेवून घेतले ते माझ्या अक्षरासाठी. चिठ्ठीतला मजकूर थोडा इकडेतिकडे झाला तरी त्यांना चाले. एका वाक्यावर मात्र त्यांचे बोट असे. 'मुदतीत बाकी रक्कम मिळताच खरेदीखत तुमच्या अगर तुम्ही सांगाल त्याच्या नावे करून देईन.' ते म्हणत, "हे राह्यलं, तं मंग त्या कागदात शेंगदाणे बांध."

जागेबद्दल ते मालकाला काही विचारत नसत. शेजारच्या बाईला विचारत, विहिरीला पाणी किती महिने असते म्हणून. मालकाच्या घरी मात्र बैठक मारून बसत. "पहिला चहा मालक पाजते, दुसरा त्याची बायको. दुसरा आला नाही तं उठाचं. घरात एकमत नाही." मला हे थोतांड वाटे. म्हणून चांदूर रेल्वेला जाऊन मी एकट्याने पहिला सौदा केला, तोही स्टेशनवर उभ्याउभ्या. पुढे कळले की जागा पाच भावांची होती आणि मला सही देणारा त्यातला धाकटा. इसार गेला. मामा रागावले नाहीत. "पाच बोटांतलं एक बोट धरून आला तू. हात कुठं हाय?" एवढेच म्हणाले आणि दिवसभर भेटेल त्याला माझी ओळख 'चांदूरचे जमीनदार' अशी करून देत राहिले.

आता वानखडे कंपाउंडरांकडे येतो, कारण हे सारे त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

वानखडे सरकारी दवाखान्यात होते. छप्पन्न साली दीक्षा घेतलेले कुटुंब. पगार नियमित, घरात चार मुले, राहायला एक खोली. प्लॉटसाठी पैसे जमवून ते तीन मालकांकडे जाऊन आले होते. तिघांनी पाणी विचारले नाही, आडनाव विचारले. एकाचा प्लॉट त्याच सकाळी विकला गेला होता, दुसऱ्याच्या मुलाला अचानक तिथे घर बांधायचे होते आणि तिसऱ्याने खाली घातलेली मान वर केलीच नाही.

मामांनी ऐकून घेतले आणि मला म्हणाले, "आपलं ते वाक्य कायच्यासाठी हाय?"

तेव्हा मला कळले, की मामांच्या सगळ्याच चिठ्ठ्या नफ्याच्या नव्हत्या. मालकाने मामांचे नाव पाहून सही करायची आणि खरेदीच्या दिवशी 'तुम्ही सांगाल त्याच्या नावे' या शब्दांमागून वानखडेंसारखे कोणी तरी रजिस्ट्रार कचेरीत उभे राहायचे. सही झालेली असे, मालकाला मागे फिरता येत नसे. अशा सौद्यात मामा दलाली घेत नसत.

गावाबाहेरच्या एका शेताचे प्लॉट पडले होते. मालक अकोल्याचे एक वकीलसाहेब. "ते मले दलाल म्हणून ओळखून हायेत," मामा म्हणाले. "चिठ्ठी तुह्या नावानं कर. तुले पाहून त्यायले आपला जावई आठवन."

वानखडेंनी दिलेला इसार घेऊन मी अकोल्याला गेलो. वकीलसाहेबांनी चष्म्यावरून पाहिले. गाव, घराणे, सासरे कोण, सारे झाले. मग म्हणाले, "घर तुम्हीच बांधणार ना? वस्ती चांगली राहिली पाहिजे हो."

"मीच बांधणार," मी म्हणालो. दुसरा चहा आला.

परत आलो तेव्हा वानखडे दवाखान्याच्या फाटकापाशी उभे होते. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली, आणि माझ्या हातात परत देताना धाकट्या मुलीला म्हणाले, "भाऊंच्या पाया पड."

मुदतीचा तिसरा महिना लागला तेव्हा मामा मुलीच्या बाळंतपणासाठी धारणीला गेले होते. त्याच पंधरवड्यात त्या प्लॉटांसमोरून पक्का रस्ता जाणार अशी बातमी आली. सासऱ्यांनी जागा पाहिली, पायांत बूट ठेवून. "चिठ्ठी कोणाच्या नावानं आहे?" त्यांनी विचारले. माझ्या, म्हणालो. "मग दुसऱ्याचं नाव सांगायची सक्ती आहे का?"

सक्ती नव्हती. 'तुमच्या अगर' हे शब्द मीच सुंदर अक्षरात लिहिले होते. वकीलसाहेबांशी मी वानखडेंसाठी खोटे बोललो होतो. सासऱ्यांनी पैसे घातले आणि आठ दिवसांत ते खरे करून दाखवले. शब्दाला जागणारा तरुण म्हणून वकीलसाहेबांनी माझी पाठ थोपटली.

वानखडेंना मी इसार पै न् पै परत केला. त्यांनी विचारले, असे कसे झाले? मी खाली पाहिले आणि म्हणालो, "मामांचा धंदा आहे. जास्त देणारा आला की चिठ्ठी फिरते. मी नुसता लिहिणारा." एवढेच वाक्य. पण वस्तीत पोहोचेपर्यंत त्याचे पूर्ण प्रकरण झाले. धारणीहून मामा नातवाच्या जन्माचे पेढे घेऊन आले, तेव्हा वानखडेंनी दार उघडले नाही.

मामांनी मला गाठले. मी पाय धरायच्या तयारीत होतो. त्यांनी तशी वेळ येऊ दिली नाही.

"म्या खरं सांगतलं तं काय होईन, ठाऊक हाय?" ते म्हणाले. "अशा चार चिठ्ठ्या आज माह्या खिशात हायेत. मालकायले हे वाक्य कायचं हाय ते समजलं, तं चार घरं जातात. मी वाईट झालो तं एकटा मीच जातो." मग पेढ्याचा पुडा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "तुह्या बायकोले दे."

चारही घरे झाली. मामा मात्र 'वानखडेंचा प्लॉट खाणारे' म्हणून राहिले आणि तसेच गेले. वानखडे त्या एका खोलीतच निवृत्त झाले. धाकटी मुलगी शिकली, मुख्याध्यापिका झाली, अकोल्यात तिने स्वतःचे घर बांधले. अजून कुठे लग्नकार्यात भेटली की वाकून नमस्कार करते. "तुम्ही निदान पैसे तरी परत केले, भाऊ," म्हणते. "त्या दलालानं तर बाबांना बुडवलं." साठ वर्षे मी मान हलवतो आहे.

आता त्या चार चिठ्ठ्यांवर कोणी हरकत घेणार नाही, तेव्हा लिहून ठेवतो: प्लॉट मी खाल्ला. मामांना त्यातला एक पैसा मिळाला नाही. ज्या टेबलावर हे लिहितो आहे, ते त्याच प्लॉटवर आहे; जास्त देणाऱ्याकडून तो मी पुढे विकत घेतला, असे वानखडेंना सांगितले होते. हा कागद आधी अकोल्याला, वानखडेंच्या धाकटीकडे जाईल.

माझ्या वास्तुशांतीला मामा आले होते. बोलावले होते म्हणून आले. फाटकाशी उभे राहून त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "मामा, आत या ना."

त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिले. "कंबर धरली बाप्पा. चपला काढाले वाकता येत नाही." आणि गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात सायकलवरून जाताना मला ते दिसले. एका रिकाम्या प्लॉटच्या कडेला, सोबत बायको-मुलांसह कोणी गिऱ्हाईक. मामा खाली वाकले होते आणि काढलेल्या चपला हाताने सरळ करून ठेवत होते.