भावजींच्या छातीतली धडधड

पिणारा घरात असला की किस्से लई साठतात. सांगताना माणसं हसतात. आमीपण हसलो. जरा जास्तच हसलो.

थोरले भावजी, म्हंजी माझे मोठे दीर. आमच्या मार्गासनी गावात नांगर धरावा तर त्यांनीच! पण चार माणसं जमली की त्यांची छाती धडधडायची, हाताला कापरं सुटायचं. घोटभर घेतली की थांबायचं. पुढं घोटाचा पेला झाला, पेल्याची बाटली!

*

सासूबाईंनी देवऋषी आणला. "बाहेरचं हाय. ओढ्याकडंला नारळ अन् बाटली ठेवा." ठेवली. सकाळी बघतो तर नारळ जाग्यावर, बाटली रिकामी, अन् भावजी शेजारी घोरतायत!

देवऋषी म्हणाला, "बघा, निवद पावला!"

*

मग भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली, "गावात पिणार न्हाई." दुसऱ्या दिवसापासनं भावजी शिवंच्या दगडापल्याड बसून प्यायला लागले. आमचे मालक चिडले, तर म्हणाले, "शपथ मोडली का? न्हाई न्हवं?"

*

शेवटी बैलगाडी जुंपून भोरला डाक्तरांकडं नेलं. डाक्तरांनी विचारलं, "प्यायच्या आधी काय व्हतं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच न्हवतं! भावजी खाली बघून म्हणाले, "आत्ता जीव जाईल, असं वाटतं."

डाक्तर म्हणाले, "दारू एकदम तोडू नका, रोज थोडी कमी करा. अन् भीती आली की ती सरंपर्यंत कुणीतरी जवळ बसा. नुसतं बसा."

"बसायला डाक्तर कशाला लागतोय?" सासूबाई म्हणाल्या. गाडीत सगळी हसली.

पण मालक रोज बसायचे. बाटलीचा पेला झाला, पेल्याचा घोट. पुढं घोटपण सुटला!

*

भावजींच्या गंगीचं लगीन ठरलं. सोयऱ्यांनी एकच अट घातली, "मुलीचा बाप शुद्धीवर पायजे."

लग्नादिवशी मालक वऱ्हाडाला सामोरे गेलेले. भावजी मागच्या दारी आले. अंगावरचा सदरा घामानं भिजलेला. म्हणाले, "सरू, जरा बस गं हितं. लई धडधडतंय."

थोरल्या दिरापुढं बसायची रीत न्हवती. अंगणात पाव्हणे. म्या पदर ओढला अन् आत गेले.

अक्षतांच्या टायमाला भावजी झुलत आले. वऱ्हाड आल्या पावली परत गेलं.

गंगी मुंडावळ्या सोडत व्हती. म्हणाली, "काकी, आबांनी आज कुणालाच हाक मारली न्हाई का गं?"

म्या म्हणलं, "न्हाई."